विनाथांबा, पंधरा तास पंचवीस मिनिटं

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण तसंच मोठं आहे. काल दुपारी व्हिडिओ कॉलवर मी धाकट्या भावाला माझी एक किडनी दिली. म्हणजे जाहीर केली. कॉलवर एकूण अकरा नातेवाईक. आत्या रडली. चुलतभावाने टाळ्या वाजवल्या, पण त्याचा माइक बंद होता, त्यामुळे त्या वाया गेल्या. धाकटा नुसती मान हलवत राहिला. बिचारा. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनला बांधलेला असतो. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकुलती एक मुलगी गरोदर, तिची किडनी घेता येत नाही. उरलो मी. रक्तगटही तोच. थोरला भाऊ असतो कशासाठी?
कॉल संपल्यावर ही (बायको) म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, चौतीस वर्षं बस डेपोचं वेळापत्रक आखलंय, माझा शब्द म्हणजे छापील शब्द. ती भांडी घासायला निघून गेली. हिला मोठ्या गोष्टी पेलत नाहीत.

५ मार्च, बुधवार. सकाळी ७.१०
कामाला लागलो. डॉक्टर म्हणतात जूनअखेर ऑपरेशन व्हायलाच हवं. म्हणजे वेळ भरपूर. निर्णय झालेला आहे, उरलं फक्त नियोजन, आणि नियोजन हा माझ्या डाव्या हातचा मळ.
इथून धाकट्याच्या शहरापर्यंत सरळ रेषेत १२,८६० किलोमीटर. विनाथांबा विमान सकाळी १०.१५ला सुटतं, रात्री ८.४०ला पोचतं. दहा तास पंचवीस मिनिटं. ताशी १,२३४ किलोमीटर! एक-दोन-तीन-चार! आकडा बघूनच मन प्रसन्न झालं. पुतणीला लगेच फोन लावला (धाकट्याची मुलगी, बँकेत आहे), म्हटलं बाबांना सांग, दहा तासांचा तर प्रश्न आहे.

६ मार्च, गुरुवार
पुतणीचा मेसेज. म्हणे काका, विमानाला पंधरा तास पंचवीस मिनिटं लागतात, इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा पाच तास मागे आहे.
मला माहीत होतंच. तिची परीक्षा घेत होतो.
तरी ते पाच तास गेले कुठे, हा प्रश्न उरतोच. आमच्या डेपोत एखाद्या ड्रायव्हरने असा हिशोब दिला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. नवा वेग ताशी ८३४. त्यात काही मजा नाही.
हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं, तिकडच्या वेळेचं. खिळा ठोकताना प्लॅस्टरचा पोपडा पडला. हिने काही न बोलता झाडू आणला. न बोलण्याची हिची एक पद्धत आहे, ती मला आवडत नाही.

९ मार्च, रविवार
लॅबमध्ये रक्त दिलं. सहा बाटल्या. चौथ्या बाटलीला जरा आडवा झालो. चक्कर वगैरे नाही, खुर्ची बुटकी होती. लॅबवाली मुलगी उगीच ओरडली. ही माझ्या तोंडावर पाणी मारत होती, त्यात शर्ट भिजला.
आलेच आहे तर माझंही काढा, असं हिने लॅबवालीला सांगितलं. थायरॉइड बघायचंय म्हणे. एकाचं काम निघालं की दुसऱ्याने आपलं घोडं पुढे दामटायचं! हिच्याही सहा बाटल्या काढल्या. ही सरळ बसून खिडकीबाहेर बघत होती. काही माणसांना मुळात जाणिवाच कमी असतात.

१४ मार्च, शुक्रवार
रिपोर्ट उत्तम. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या तिशीतल्या माणसासारख्या. आजपासून संकल्प: रोज तीन लिटर पाणी, मीठ कमी, सकाळी अर्धा तास चालणं. दिलेली वस्तू चांगल्या स्थितीत पोचली पाहिजे.
सकाळी चाललो नाही. धुकं होतं.

२१ मार्च, शुक्रवार
पेन्शनर संघाने सत्कार केला. गुच्छ आणि सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर ठळक अक्षरात ‘अवयवदाते’. सेक्रेटरींनी हळूच विचारलं, ऑपरेशन झालं का? म्हटलं, मनाने झालं, आता तेवढा प्रवास उरलाय. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की माइकवर पुन्हा म्हणायला लावलं.
पंचवीस मिनिटं बोललो. अंतर, वेग, उंची, सगळं सांगितलं. हॉल अगदी शांत. मागच्या रांगेतले दोघे झोपले होते, पण ते वयामुळे.
ही आली नाही. फोटो काढायला गेली होती, पासपोर्टसाठी. म्हटलं तुला कशाला? म्हणाली, जुन्याची मुदत संपत आलीय. नवऱ्याचा आयुष्यातला पहिला सत्कार, आणि हिला फोटो सुचतात!

३० मार्च, रविवार
तीन पर्याय ग्राफपेपरवर मांडले. रंगीत पेन्सिली वापरल्या.
लाल: विनाथांबा. १५ तास २५ मिनिटं. एका जागी एवढं बसून किडनीवर दाब येणार.
निळा: एक थांबा. १९ तास ५ मिनिटं. विमान बदलायला फक्त दोन तास. आमच्याकडे एकूण धावण्याच्या पंधरा टक्के मार्जिन ठेवल्याशिवाय कुठलीच फेरी मंजूर होत नसे. म्हणजे जवळजवळ तीन तास हवेत. नापास.
हिरवा: दोन थांबे. ३१ तास. ही कसली फेरी, ही मालगाडी! असल्या विमानाने कोण जातं? ज्यांना कुणी वाली नाही असे लोक.
ही चहा ठेवायला आली आणि हिरव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, पण हे रोज असतं ना? म्हटलं, असतं. ती बराच वेळ तो कागद बघत होती. हिला नकाशातलं काही कळत नाही. स्टेशनवर एकटी सोडली तर प्लॅटफॉर्म विसरेल.

४ एप्रिल, शुक्रवार
आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, पस्तीस हजार फुटांवर हवेच्या दाबाने किडनी सुजते का? डॉक्टर हसले. म्हणाले, तुम्हाला भीती वाटत असेल तर सरळ सांगा, त्यात काही वाईट नाही, बरेच जण मागे फिरतात.
भीती! मला! १९९८ साली संपाच्या वेळी डेपोच्या गेटवर एकटा उभा राहिलेला माणूस मी. (माझ्यामागे पोलीस होते, पण बरेच मागे.) डॉक्टर बदलायचं ठरवलं.
पुन्हा लिहून ठेवतो, कारण ही वही फक्त माझ्यासाठी आहे आणि इथे खोटं बोलायचं कारण नाही. मला भीती वाटत नाही.

१० एप्रिल, गुरुवार. सकाळी ९.४०
अपमान. तिकडच्या हॉस्पिटलच्या समितीला ऑपरेशनआधी दात्याची व्हिडिओवर मुलाखत घ्यायची असते. त्यांची वेळ दुपारी एक. तिकडचं घड्याळ पाच तास मागे, म्हणून एकातून पाच वजा, आपले सकाळचे आठ. पावणेआठपासून टाय बांधून बसलो. साडेनऊपर्यंत चिटपाखरू नाही. मोठ्या हॉस्पिटलांना दुसऱ्याच्या वेळेची किंमत नसते. टाय सोडला. संध्याकाळी मस्तपैकी फिरायला जाणार.

११ एप्रिल, शुक्रवार
काल संध्याकाळी सहाला त्यांचा फोन आला म्हणे. त्यांच्याकडे एक वाजला की आपल्याकडे सहा, असं पुतणीचं म्हणणं. मिळवायचे होते, वजा करायचे नव्हते. हे त्यांनी आधी स्पष्ट लिहायला नको? मी तेव्हा बागेत सेक्रेटरींना मार्जिन समजावून सांगत होतो.
फोन हिने घेतला. चाळीस मिनिटं बोलली! मी विचारलं, चाळीस मिनिटं काय बोललीस? म्हणाली, त्यांनी विचारलं ते सांगितलं. झोप, भूक, आजार, कुणाच्या दबावाखाली देताय का. म्हणजे माझी सगळी माहिती हिने परस्पर दिली. बरोबर दिली असेल अशी आशा. माझं कौतुकही केलं असावं, कारण नंतर डोळे लाल दिसत होते.

१९ एप्रिल, शनिवार
धक्कादायक शोध. परतीचं विमान तेच, अंतर तेच, आणि वेळ चौदा तास दहा मिनिटं! जाताना सव्वा तास जास्त का? पुतणी म्हणते वाऱ्यामुळे. वारा काय फक्त जाणाऱ्यांनाच अडवतो? विमान कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, सोबत ग्राफ जोडला. याचा खुलासा झाल्याशिवाय तिकीट काढणं म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी.
हॉस्पिटलकडून व्हिसाची पत्रं आली. दोन. एकावर माझं नाव, एकावर हिचं. हिचं सोबतीण म्हणून असणार. हिला घेऊन जायचं अजून ठरवलेलं नाही. माझं पत्र फायलीत लावलं. हिचं हिने घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार
विमान कंपनीचं उत्तर: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. एका ओळीत! चार पानांना एक ओळ! दुसरं पत्र लिहायला घेतलं.
धाकट्याचा फोन. आवाज खोल गेलाय. मी त्याला वाऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. तो मधेच म्हणाला, दादा, मी जरा पडतो. ऐकायची चिकाटी त्याच्यात लहानपणापासून नाही.

२ मे, शुक्रवार
धाकट्याला रात्री आयसीयूत हलवलं. फुप्फुसात पाणी. पुतणी फोनवर रडत म्हणाली, काका, या ना आता. मी तिला धीर दिला. म्हटलं, घाईत केलेली फेरी नेहमी ब्रेकडाऊन होते. फोन तिकडून कट झाला. नेटवर्क.
ही दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी माझ्यासमोर बसून म्हणाली, अहो, एकदा खरं सांगा, जाणार आहात का? तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, मी काही बोलणार नाही, पण आज सांगा. मी ग्राफ दाखवला. लाल रेघेवर आता पिवळा ठिपका आहे, म्हणजे तत्त्वतः मंजूर. ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

८ मे, गुरुवार
धाकटा आयसीयूतून बाहेर. म्हणजे माझं थांबणं बरोबरच होतं.
चौकातल्या तिकीट ऑफिसात गेलो. तिथली बाई हुशार आहे, पण उतावळी. मी अजून शेवटच्या खिडकीशेजारच्या सीटचा विचार करत होतो, तोवर तिचं ‘कन्फर्म करू का, कन्फर्म करू का’. पंख्याखाली बसून दीड तास चर्चा केली. निघताना ती म्हणाली, कालच तुमच्याच आडनावाच्या एक बाई येऊन दहा मिनिटांत तिकीट काढून गेल्या, ते दोन थांब्यांचं. म्हटलं, आमच्या आडनावाचे सगळेच काही माझ्यासारखे चिकित्सक नाहीत.

१६ मे, शुक्रवार. दुपारी १२.३०
ही बहिणीकडे गेली. बहिणीचे गुडघे दुखतात, महिना-दीड महिना लागेल म्हणे. ऐन वेळी! नवरा एवढ्या मोठ्या मोहिमेवर निघालेला, आणि हिला बहिणीचे गुडघे! मोठी बॅग नेली, दोन स्वेटर नेले. बहिणीकडे तर अंगाची लाही होते. बायकांचं पॅकिंग.
जाताना दारात उभी राहिली. मी दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर होतो. म्हणाली, येते. म्हटलं, हं. आणखी थोडा वेळ उभी होती वाटतं. मग किल्ल्या टेबलावर ठेवून गेली. कपाटाचीही. वर्षानुवर्षं कमरेला लावलेली किल्ली इथे विसरली. धांदरटपणा म्हणायचा, दुसरं काय.

२१ मे, बुधवार
चहापावडर कुठे असते ते सापडलं. साखर अजून नाही. बिनसाखरेचा चहा किडनीला चांगला असं वाचल्यासारखं आठवतं.
हिचा मेसेज रविवारी आला होता, ‘पोचले’. शुक्रवारी दुपारी निघालेली बाई रविवारी पोचते? बहिणीचं गाव बसने पाच तासांवर. बसची दुरवस्था झालीय, आमच्या वेळी असं नव्हतं.

२९ मे, गुरुवार
तीन दिवस ही फोन उचलत नाही. मेसेज करते, ‘गडबडीत आहे, जेवून घ्या’. गुडघ्यांची कसली एवढी गडबड!
पुतणीही फोन उचलत नाही. धाकटाही नाही. घरातली सगळी माणसं एकदम बेजबाबदार झालीत. मी एकटा रुळावर आहे.
वजन दोन किलो कमी. ऑपरेशनला चांगलंच.

४ जून, बुधवार. सायंकाळी ५.५५
काढलं!! तिकीट काढलं! बावीस जून, विनाथांबा, सीट ३४-ए. सही दोनदा करावी लागली, पेन बेकार होतं तिथलं. तिकीटवाल्या बाईने हुश्श केलं आणि पाणी दिलं. जे म्हणत होते मी मागे फिरणार (डॉक्टर), त्यांच्या तोंडात मारल्यासारखं झालं असेल. कळल्यावर होईल.
जून संपायला आठ दिवस बाकी असताना पोचतोय. याला म्हणतात मार्जिन.
घरी येऊन उलटी झाली. बाहेरचं खाल्लं होतं.

९ जून, सोमवार
चार दिवस प्रयत्न केल्यावर पुतणीने फोन उचलला. मी तिला बोलूच दिलं नाही, म्हटलं आधी माझं ऐक, तारीख लिहून घे, बावीस जून, सीट ३४-ए, स्टेशनवर, म्हणजे विमानतळावर, कुणीतरी न्यायला या. ती म्हणाली, काका, ऑपरेशन काल झालं. बाबा बरे आहेत. नवी किडनी लगेच काम करायला लागली.
मी विचारलं, कुणाची?
ती म्हणाली, काकूंची.
मी विचारलं, कुठल्या काकू? ती म्हणाली, काका, मला किती काकू आहेत?

१० जून, मंगळवार
दिवसभर काही लिहिलं नाही. आता लिहितो.
मला न विचारता! घरातली एक किडनी माझ्या परवानगीशिवाय १२,८६० किलोमीटर लांब गेली! तीसुद्धा हिरव्या रेघेने. एकतीस तास, दोन थांबे, दोन अनोळखी विमानतळ. जिला मी स्टेशनवर एकटी सोडत नव्हतो ती.
दोन्ही ठिकाणी विमान बदलायला किती वेळ होता हे बघितलं. एका ठिकाणी एक तास चाळीस मिनिटं. मार्जिनच नाही! चुकलं असतं म्हणजे? केवढा बेजबाबदारपणा! चुकलं नाही ही गोष्ट वेगळी.

१२ जून, गुरुवार
सेक्रेटरी भेटले. कुठूनतरी कळलंय. म्हणाले, ऐकलं ते खरं का हो? म्हटलं, किडनी आमच्या कुटुंबातूनच गेली, आमच्यात तुझं-माझं नसतं. ते म्हणाले, वा. मग म्हणाले, ते सर्टिफिकेट तेवढं एकदा ऑफिसात आणून द्या, नाव दुरुस्त करून वहिनींना देऊ. मी म्हटलं, बघतो कुठे ठेवलंय. हॉलमध्ये समोरच टांगलंय. सेक्रेटरी घरी आले तर पंचाईत, म्हणून उतरवून पलंगाखाली सरकवलं.

१५ जून, रविवार
आज हिने फोन केला. व्हिडिओ नाही, नुसता आवाज. बारीक झालाय आवाज.
मी बराच बोललो. विश्वास, पत्नीधर्म, समाजात मान खाली घालायची वेळ. तिने मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, झालं? मग म्हणाली, तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर मी तुमच्या शेजारी बसले असते हो. भीती सगळ्यांना वाटते, मलाही वाटली. पण त्यांचा जीव जात होता आणि तुम्ही रंगीत पेन्सिली तासत होतात. ते मी बघितलंय. आता ते डोळ्यांपुढून जात नाही.
मी म्हटलं, परत कधी येतेस? म्हणाली, टाके आहेत अजून. म्हटलं, टाके निघाल्यावर? म्हणाली, पुतणीचं बाळंतपण आहे. म्हटलं, त्यानंतर? ती म्हणाली, साखर फ्रीजच्या वर निळ्या डब्यात आहे. मग फोन ठेवला.
उंटावरून शेळ्या हाकत होतो असं तिला म्हणायचं असावं. सरळ म्हणायचं की मग.

१८ जून, बुधवार. सकाळी ११.२०
धाकट्याचा फोन. आवाज ठणठणीत. पंधरा वर्षांपूर्वीचा वाटला. दोन ग्लास पाणी प्यालो दादा, म्हणाला, एकदम, मोजल्याशिवाय. मला बरं वाटलं ऐकून. खरंच वाटलं.
मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, मी बावीसला निघतच होतो, तुम्ही लोकांनी दोन आठवडे धीर धरला असता तर. तो म्हणाला, दादा, तू रागावू नकोस. मार्चमध्ये तू कॉलवर जाहीर केलंस ना, त्याच संध्याकाळी वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, यांच्या भरवशावर राहू नका भाऊजी, मी आहे.
म्हणजे तीन महिने?
हो, म्हणाला, पहिल्या दिवसापासून आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आत्याला पण.
मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? मी एवढे तक्ते काढले, पत्रं लिहिली, विमानांचे वेग काढले. तो म्हणाला, वहिनी म्हणाल्या, काढू दे त्यांना, त्यात ते रमतात, मधे येत नाहीत.
मी म्हटलं, बावीसचं तिकीट आहे माझ्याकडे. येतो, तुम्हा दोघांना बघून जातो. तो म्हणाला, इथे दोनच खोल्या आहेत रे दादा. एकीत मी, एकीत वहिनी आणि पोरगी. मग म्हणाला, तू तब्येतीला जप. हे तो अगदी मनापासून म्हणाला, तेच फार लागलं.

१९ जून, गुरुवार
तिकीट रद्द करायला गेलो. ऑफिसात गर्दी नव्हती. बाईने कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. म्हणाली, कारण भरावं लागतं. आजारपण, घरातलं निधन की इतर?
मी म्हटलं, इतर.
म्हणाली, इतर असेल तर पुढे थोडक्यात लिहावं लागतं. मी बराच वेळ विचार केला. ती थांबली. आज तिला घाई नव्हती. शेवटी म्हटलं, लिहा, गरज उरली नाही.
ती टाइप करता करता थांबली आणि विचारलं, कशाची, प्रवासाची ना?
मी म्हटलं, हो. प्रवासाची लिहा.